निळ्या पडद्याचे आठ मार्क

आमच्या इंग्रजी विभागाकडे एकच चित्रपट होता आणि तो अठ्ठेचाळीस मिनिटांचा होता. तास पन्नास मिनिटांचा. उरलेल्या दोन मिनिटांत हजेरी व्हायची. इतका शिस्तीचा, वेळापत्रकाला धरून चालणारा चित्रपट दुसरा कुठे मिळणार, म्हणून सहा वर्षं आम्ही तोच शिकवत होतो.

गोष्ट साधी होती. बस डेपोतली हरवलेल्या सामानाची खोली. खिडकीमागे बसणारी एक बाई. एक गृहस्थ रोज येऊन विचारतो, माझी तपकिरी सूटकेस सापडली का. ती रोज सांगते, अजून नाही, उद्या या. असे बरेच उद्या जातात. मग एक दिवस खरोखरच एक तपकिरी सूटकेस येते. बाई ती टेबलावर ठेवते, दाराला आतून कडी घालते, दोन्ही अंगठे सूटकेसच्या खटक्यांवर टेकवते. आणि पडदा निळा होतो.

नुसता निळा. त्यावर अक्षर नाही, मागे आवाज नाही. पहिल्या वर्षी आम्ही सगळेच त्या निळ्याकडे बघत राहिलो होतो. वर्गात कुणी हललं नाही. शेवटी आमचे विभागप्रमुख हलक्या आवाजात म्हणाले, "याला म्हणतात शेवट."

विभागप्रमुख हे माझेच विद्यार्थी. माझ्या हाताखाली शिकले, मोठे झाले, आणि मी निवृत्त झाल्यावर त्यांनीच मला तासांवर परत बोलावून घेतलं. त्यामुळे चारचौघांत मी त्यांना साहेब म्हणतो, ते मला सर म्हणतात, आणि कोण कुणाच्या हाताखाली आहे हे शिपायालासुद्धा नीट कळत नाही.

प्रमुखांनी त्या शेवटावर चाळीस पानांची पुस्तिका लिहिली. तिचं नाव 'मुक्त शेवटाचं सौंदर्य'. त्यातली अकरा पानं एकट्या निळ्यावर होती. निळा म्हणजे प्रतीक्षा, निळा म्हणजे अथांगता, निळा म्हणजे अजून न उमटलेली शाई. चित्रपटाच्या शेवटी कलाकारांची नावं येत नाहीत, त्यावर एक परिच्छेद होता: दिग्दर्शकाने स्वतःचं नावही पुसून टाकलं आहे, असा विनय आज दुर्मीळ. सीडीवर 'भाग एक' असं छापलेलं होतं. ते आमच्या नजरेतून सुटलं असं कुणी समजू नये. त्याला तळटीप होती. जीवनाचा दुसरा भाग ज्याचा त्याने जगायचा असतो, असं दिग्दर्शकाला सुचवायचं आहे.

निळा किती वेळ टिकतो, हे मात्र शिपाई उठून प्लेअर कधी बंद करतो यावर अवलंबून असे. एका वर्षी त्याचा गुडघा दुखत होता तेव्हा निळा तब्बल दोन मिनिटं टिकला, आणि पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत 'प्रदीर्घ निळा' असा नवा मुद्दा आला. वार्षिक परीक्षेत निळ्याला आठ मार्क असत.

त्या परीक्षेवर मुलांचं बरंच काही ठरायचं. पेपर चाळीस मार्कांचा, दोनच प्रश्न. पहिला वीस मार्कांचा, चित्रपटाचं विश्लेषण. दुसराही वीसचाच, सर्जनशील लेखन: सूटकेस उघडल्यावर काय झालं असेल ते कल्पनेने लिहा. चाळीसपैकी वीस मिळाले तर पुढच्या वर्षी लेखन तुकडी. तिथे गोष्टी लिहायच्या, नाटुकली लिहायची, वाचायची, भांडायची. वीसच्या खाली राहिलं तर पत्रव्यवहार तुकडी. तिथे दोन वर्षं 'आपल्या दिनांक अमुकच्या पत्रास अनुसरून' एवढंच.

यंदा वर्गात एक मुलगी होती. पेनाचं टोपण सतत दातांत धरून कुरतडायची म्हणून मुलं तिला खारूताई म्हणत. तिला लेखन तुकडीत जायचं होतं, म्हणजे जायचंच होतं. वह्यांच्या मागच्या पानांवर ती गोष्टी लिहायची आणि मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर वही ठेवून, मी वाचत असताना खिडकीतून भलतीकडे बघत उभी राहायची. तिच्या गोष्टीतली माणसं पानभर गप्प बसत आणि मग एकच वाक्य बोलत. तेवढं लिहायला मला चाळीस वर्षांत जमलेलं नाही.

चित्रपट दाखवला त्या दिवशी पडदा निळा झाला, मी पुस्तिकेत सांगितलं आहे तेवढा वेळ शांत उभा राहिलो, आणि मग विचारलं, "काही शंका?"

खारूताईने हात वर केला. "सर, सिनेमा संपला की बंद पडला?"

वर्ग हसला. मीही हसलो. "चांगला प्रश्न आहे," मी म्हणालो. उत्तर नसलं की आम्ही शिक्षक हेच म्हणतो.

परीक्षेत तिने पहिल्या प्रश्नाखाली लिहिलं होतं: हा शेवट मुक्त नाही, कारण हा शेवट नाही. इथे मध्यंतर आहे. निळा रंग दिग्दर्शकाचा नसून प्लेअरचा आहे. शेजारच्या काकांकडच्या प्लेअरमध्ये काहीही घातलं नाही तरी असाच निळा दिसतो. त्यानंतर तिने आधीच्या अठ्ठेचाळीस मिनिटांबद्दल तीन पानं लिहिली होती. त्या बाईच्या खिडकीची काच पहिल्या दृश्यात बंद असते आणि दर भेटीत थोडी थोडी उघडत जाते, हे त्यात होतं. सहा वर्षांत ते ना मला दिसलं होतं ना पुस्तिकेला. दुसऱ्या प्रश्नाखाली तिने सूटकेस उघडल्यानंतरची गोष्ट लिहिली होती.

मध्यंतराचं मला काही पटलं नाही. पण पेपर चांगला होता. मी पहिल्याला तेरा दिले, दुसऱ्याला पंधरा. मग पेपर नियमाप्रमाणे प्रमुखांकडे गेला. पहिल्याला शून्य: 'चित्रपट लक्षपूर्वक पाहिलेला नाही.' दुसऱ्याला चार: 'कल्पना ओढूनताणून आणलेली. कोणताही जाणकार दिग्दर्शक असा शेवट करणार नाही.' दोन परीक्षकांत पाचपेक्षा जास्त मार्कांचा फरक पडला तर प्रमुखांचे मार्क धरायचे, हाही नियमच. चाळीसपैकी चार. तुकड्यांची यादी शनिवारी लागायची होती.

बुधवारी तिची आई आली. लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करणारी बाई, तिथूनच तडक आली असावी. खुर्ची पुढे केली तरी उभीच राहिली.

"मास्तर, शून्य का मिळालं तेवढं सांगा. चारचं काही नाही. ती म्हणते ते चार तर जास्तच आहेत."

"जास्त कसे?"

"ती गोष्ट तिची नाही म्हणते. मी सांगितलेली आहे."

"तुम्ही कुठून सांगितलीत?"

"बघितलाय ना मी तो सिनेमा. लग्नाआधी मी थिएटरात होते कामाला. हातात बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवायच्या. अकरा दिवस चालला तो, रोज तीन खेळ. तेहेतीस वेळा बघितला."

मी पेन खाली ठेवलं. "अख्खा?"

"अख्खा कुठला. उशिरा येणाऱ्यांसाठी मध्यंतरापर्यंत दाराबाहेर उभं राहावं लागायचं. मध्यंतर झालं की आत जाऊन भिंतीला टेकायचं. मागचा अर्धा तोंडपाठ आहे मला. पहिला अर्धा काय ते पोरीने तुमच्या वर्गातून येऊन सांगितलं, तेव्हा कळलं. ती बाई तिथे बसते ती हरवलेल्या वस्तूंची खोली आहे होय. मी इतकी वर्षं समजत होते, दुकान आहे."

मग तिने मागचा अर्धा सांगितला. सूटकेस भलत्याच कुणाची तरी निघते. आत दाढीचा ब्रश, ओला पंचा आणि एकच मोजा. ती परत करायला म्हणून बाई त्या गृहस्थाच्या घरी जाते, तर त्याची तपकिरी सूटकेस तिथेच पलंगाखाली. ती कधी हरवलेलीच नव्हती. घरात बोलायला कुणी उरलेलं नाही आणि खिडकीतली बाई रोज चार शब्द बोलते, म्हणून तो येत होता. बाई काही न बोलता परत फिरते. दुसऱ्या दिवशी तो येतो, विचारतो, आणि ती म्हणते, अजून नाही, उद्या या.

"बाया रडायच्या हो," ती म्हणाली. "मीसुद्धा, पहिले चार दिवस. मग पाय दुखायला लागले."

ती गेल्यावर मी विभागाचं कपाट उघडलं. सीडीचं ते प्लास्टिकचं पाकीट पुस्तकासारखं उघडायचं. आत एक पान, त्यावर सीडीची जागा. पान जरा जाड वाटलं. त्याच्या कडेवर विभागाचं लेबल डकवलेलं होतं: 'चित्रपट १, सीडी १'. अक्षर माझं. सहा वर्षांपूर्वी कपाट लावून नोंदी करण्याचं काम मी मोठ्या हौसेने अंगावर घेतलं होतं, आणि गोंद लावताना मी हात आखडता घेत नाही. ब्लेडने लेबल कापलं तेव्हा एका पानाची दोन पानं झाली. मधल्या फटीत दुसरी सीडी होती. 'भाग दोन'. तिच्यावर एक ओरखडा नव्हता.

रिकाम्या वर्गात बसून मी ती पाहिली. एक पंचा आणि एक मोजा, सगळं तसंच होतं.

गुरुवारी सकाळी प्रमुखांच्या खोलीत जाऊन मी दार लावून घेतलं. दार लावलं की मी त्यांना अरे म्हणतो.

"अरे, हे बघ."

"काय आहे, सर?"

"भाग दोन."

"कशाचा?"

"आपल्या चित्रपटाचा."

त्यांनी सीडी उलटीसुलटी करून पाहिली. "नावं सारखी असतात, सर. दुसराच कुठला तरी असेल."

"मी पाहिला. तीच खोली, तीच बाई, तेच अंगठे. सूटकेस उघडते."

त्यांना राहवलं नाही. "काय निघतं आत?"

"दाढीचा ब्रश."

त्यांनी डोळे मिटले. "पुस्तिकेत मी आत्मा म्हटलंय."

"मी वर्गात तेच शिकवलंय. सहा वर्षं."

"एकशे चाळीस मुलांना आपण निळ्याचे मार्क दिलेत, सर. आता काय करायचं, घरोघर जाऊन निळा परत मागायचा?"

"त्यांचं राहू दे. त्यांनी आपण शिकवलं ते लिहिलं. या पोरीने दिसलं ते लिहिलं, तर तिला शून्य."

प्रमुख उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. माणूस वाईट नाही. फक्त छापून आलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास, आणि पुस्तिका छापून आलेली होती. थोड्या वेळाने त्यांना मार्ग सुचला, आणि सुचला तो अगदी प्रमुखांना शोभेलसा. पहिल्या प्रश्नाला हात लावायचा नाही. दुसऱ्या प्रश्नाला चारऐवजी वीस द्यायचे, 'असामान्य कल्पनाशक्ती' असा शेरा मारायचा. वीस झाले की लेखन तुकडी मिळाली. चित्रपट जिथे आहे तिथे राहील, पुस्तिका राहील, मुलीचंही भलं होईल.

सांगायला लाज वाटते, पण मला ते पटलं. माझं लेबल तर कुणाला दिसणारच नव्हतं. मी जाऊन खारूताईला बोलावून आणलं.

प्रमुखांनी तिला समोर बसवून प्रेमाने सांगितलं. तिने टोपण तोंडातून काढलं.

"सर, पण ती गोष्ट माझी नाही. आईने सांगितली, मी इंग्रजीत लिहिली."

"ते आम्हाला माहीत आहे. तू काळजी करू नकोस."

"मग कल्पनाशक्तीचे वीस कुणाचे? आईचे पण नाहीत. तिने बघितलं ते सांगितलं."

"बाळ, तुला लेखन तुकडी हवी आहे ना?" मी विचारलं.

"हवी आहे. पण तिथे गेल्यावर तुम्ही म्हणाल, तशी गोष्ट पुन्हा लिही. मला तशी नाही येत. मला मार्क पहिल्या प्रश्नाचे द्या. ते माझे आहेत. खिडकीच्या काचेचं मला कुणी सांगितलेलं नाही."

"पहिल्याचे मार्क द्यायचे," प्रमुख म्हणाले, "म्हणजे विभागाची चूक झाली असं मला लेखी द्यावं लागेल. ते कुणाच्या नावावर घालू?"

मी म्हणालो, "माझ्या. लेबल माझ्या अक्षरात आहे." हे मी फार धीराने म्हणालो असं नाही. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, दुसरं काय म्हणणार.

प्रमुखांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "आधी मी पूर्ण पाहणार. मग मार्क."

दुपारी आम्ही चौघं बसलो: प्रमुख, मी, खारूताई आणि तिची आई. आईला मी मुद्दाम बोलावलं होतं, कारण पहिला अर्धा भाग तिला पाहायचा राहिला होता, आणि आमच्याकडे तोच चांगला घासूनपुसून ठेवलेला होता. निळा आला तेव्हा प्रमुखांनी सवयीने मान खाली घातली. मी सीडी बदलली. मागचा भाग सुरू झाला तशी आई खुर्चीतून उठून भिंतीला टेकून उभी राहिली. बसा म्हटलं तर म्हणाली, इथूनच नीट दिसतं.

शेवटचं 'उद्या या' झालं. खालून नावं यायला लागली. पंचाऐंशी नावं होती. दिग्दर्शकाचं सगळ्यांत मोठ्या अक्षरात.

प्रमुखांनी दिवा लावायला सांगितला नाही. अंधारातच त्यांनी तिच्या आईला विचारलं, "कसा वाटला पहिला भाग?"

"लांबलाय जरा. मागचं बघितलं तरी कळतं की सगळं."

"आणि तो निळा?"

"कुठला निळा? ते मशीन होतं तुमचं."

मग दिवा लागला. प्रमुखांनी पेपर पुढे ओढला. शून्यावर एक सरळ रेघ मारली, तीन पानं पुन्हा वाचली, काचेपाशी थांबले, आणि सोळा लिहिले. दुसऱ्या प्रश्नाचे चार खोडून तिच्या म्हणण्याप्रमाणे शून्य केलं. बेरीज सोळा.

"वीस लागतात," ते म्हणाले.

खारूताई आपल्या बोटांकडे बघत होती. तिच्या आईने मला विचारलं, "म्हणजे खरं बोलून चार कमी पडले का?" मी हो म्हणालो, कारण बेरीज तेच सांगत होती.

प्रमुखांना नियमांची पुस्तकं चाळण्याची आवड आहे. त्या आवडीला आजवर मी बरीच नावं ठेवली आहेत. त्या दिवशी त्यांनी परीक्षेच्या दिवसाची पर्यवेक्षकाची चिठ्ठी शोधून काढली. खारूताईने पेपर पस्तीस मिनिटं लवकर दिला होता. परीक्षा दोन तासांची होती. ज्या अर्थी विभागाच्या चुकीमुळे पेपर पुन्हा उघडला गेला आहे, त्या अर्थी विद्यार्थिनीची पस्तीस मिनिटं विभागाकडे शिल्लक आहेत, असं त्यांनी ठरवलं आणि तसं लिहूनही काढलं. असा नियम मी कुठे वाचलेला नाही. मी काही बोललो नाही.

"दुसरा प्रश्न," ते तिला म्हणाले. "सूटकेस उघडल्यावर काय झालं असेल. आता सगळ्यांना माहीत आहे काय झालं. तू दुसरं काही लिही. वेळ सुरू."

ती पाच मिनिटं काहीच लिहीना. तिच्या आईने एकदा माझ्याकडे, एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग पेन चालायला लागलं. तिच्या गोष्टीत सूटकेस उघडतच नाही. खटके गंजलेले असतात. बाई डेपोतल्या मेकॅनिकला बोलावते, तो बसचं काम टाकून येतो, खटक्यांना तेल लावतो, आणि तेल मुरायची वाट बघत दोघं बसतात. मेकॅनिक रोज त्या खोलीवरून जात असतो, पण आत कधी आलेला नसतो. तो पानभर गप्प बसतो. मग म्हणतो, "इथे पंखा नाही तर."

प्रमुखांनी ते दोनदा वाचलं. अकरा मार्क दिले. मी म्हटलं तेरा द्या. ते म्हणाले, मेकॅनिक या शब्दाचं स्पेलिंग चुकलं आहे, अकराच. बेरीज सत्तावीस.

शनिवारी यादी लागली. लेखन तुकडीत तिचं नाव खालून तिसरं होतं. तिने ते बोटाने टेकून वाचलं, मग आईला वाचायला लावलं, मग दोघी लॉन्ड्रीच्या दिशेने गेल्या.

माझा लेखी कबुलीजबाब वर गेला. वरून उत्तर आलं की अनुभवी शिक्षकाच्या हातून अशी हयगय अपेक्षित नव्हती, तरी त्यांच्याकडे यापुढे चित्रपटाचे तास देऊ नयेत. प्रमुख स्वतः पत्र घेऊन आले. फार संकोचले होते. मला पत्रव्यवहार तुकडी मिळाली.

तिथली मुलं पहिल्या दिवशी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीही वीसच्या खाली राहिलो होतो. मी त्यांना अर्जाचा नमुना शिकवला: मायना, विषय, मुद्दा, विनंती, सही. विषय तुम्हीच निवडा म्हणालो. आठवड्याने बत्तीस जणांनी मिळून एकच अर्ज दिला. विभागप्रमुखांना उद्देशून. गेल्या वर्षी आम्हाला अर्धाच चित्रपट दाखवला, आता दोन्ही भाग दाखवावेत, आणि त्यासाठी लागोपाठ दोन तास मिळावेत.

मी लाल पेन घेऊन तो तीनदा वाचला. कुठे हात घालायला जागा नव्हती. खाली शिफारस लिहिली आणि स्वतःच घेऊन गेलो. प्रमुखांनी वाचला, मला बसायला सांगितलं, आणि वेळापत्रक पुढे ओढलं.